म्हातारपणाचा हप्ता



‘खेड्यातल्या पोरांना पुढची फिकीर नाही, हाती आलेला पैसा मोबाइलवर उडवतात,’ असे शहाणी माणसे सांगतात. आम्ही मोताळा तालुक्यातल्या घराचा हिशेब मांडला, तेव्हा उत्तर वेगळे आले.

अटल पेन्शन योजना २०१५ साली आली. अठराव्या वर्षापासून महिना २१० रुपये भरा, साठीनंतर महिना ५ हजार घ्या. हप्ता सहामाहीही चालतो. मग अडते कुठे? हप्त्याला शिल्लक लागते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता, बाजारात सौदे त्याहून पाच-सातशेने खाली झाले. सोसायटीचे कर्ज, कृषी केंद्राची उधारी, काढणीची मजुरी दिली की पोत्यासोबत पैसाही गेला. आणि मिळणार ते काय? दरसाल सहा टक्के महागाई धरली, तर ४२ वर्षांनंतरच्या त्या पाच हजारांत आजच्या साडेचारशे रुपयांइतकाही किराणा येणार नाही. पोराला व्याजाचे गणित येत नसेल, पण बापाच्या काळचा रुपया आणि आजचा रुपया त्याला बरोबर कळतो.

धाकटा भाऊ चाकणला किंवा सुरतेला जातो. तिथे पगारातून फंड कापतात. ठेकेदार तो भरतो की नाही, हे देव जाणे. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. तीन वर्षांत काम सुटते, फंड काढला जातो आणि बहिणीच्या लग्नाला किंवा बोअरला लागतो. याला उधळपट्टी कोण म्हणेल?

ज्यांनी पुरती नोकरी केली, त्यांचे तरी काय झाले? या फंडाच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली हजार रुपये ठरली. साडेसात हजारांच्या मागणीसाठी आपल्याच बुलढाण्यात २४ डिसेंबर २०१८ पासून ईपीएस-९५ च्या म्हाताऱ्यांनी साखळी उपोषण मांडले. पोरांनी ते मंडप येता-जाता पाहिले आहेत.

मार्च २०२३ मध्ये सरकारी नोकर जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. आमचे त्यांच्याशी भांडण नाही. पण त्यांची ती हक्काची मागणी आणि आमच्या पोराची ती बेफिकिरी, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दहा घरांचा हिशेब आणावा. कर्ज फेडून हंगामात काय उरले, कामावर गेलेल्या पोराचा फंड नंबर आहे का, आणि ठेकेदाराने किती महिने भरले, एवढे कागदावर लिहून आणा.