काम नसताना गावाबाहेर

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, तुम्ही बायका सायकलवरून नांदूरला चालल्यात म्हणे! तिकडे काम काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही काकू. जायचं, नदी बघायची, परत यायचं." त्यांना काही ते पटलं नाही. खरं सांगू? बोलताना माझीही जीभ जरा अडखळलीच.

मैत्रिणींनो, आठवून बघा, आपण गावाबाहेर पडतो ते कशाला? माहेरी, लग्नाला, दवाखान्यात, नाहीतर चांदवडच्या रेणुकामातेला. प्रत्येक रस्त्याच्या टोकाला काहीतरी काम असतंच. घरातले पुरुष "जरा चक्कर मारून येतो" म्हणून चप्पल घालतात, त्यांना कोणी कारण विचारत नाही. अशी एक चक्कर आपल्याही वाट्याला यावी, एवढ्याचसाठी आमच्या गटातल्या नऊ जणींनी हे मनावर घेतलं.

पहिला वाद झाला तो डोंगर की नदी. माझा भाचा सायकलवेडा आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने पार करण्याची शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर त्याच्या अंगातच आलंय. तो म्हणाला, "मावशी, चांदवडलाच जा. चढ चढल्याशिवाय सायकलिंग कसलं?" चांदवडचे डोंगर सुंदर आहेत, यात वाद नाही. त्या रांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस गिरणेवाटे तापीला जातो आणि आपल्या बाजूला पडलेला गोदावरीला, हे मला शाळेत कळलं नव्हतं, आत्ता नकाशा बघताना कळलं. पण आमच्यातल्या सहा जणींनी दहावीनंतर सायकलला हात लावलेला नाही. त्यांना पहिल्याच दिवशी चढावर नेलं, तर दुसऱ्या वेळी एकही येणार नाही. म्हणून नदी ठरली.

लासलगावहून विंचूर, तिथे नाशिक-संभाजीनगर हायवे ओलांडून आतल्या रस्त्यांनी गोदाकाठ, नांदूर मधमेश्वर, मग निफाड आणि उगाववरून घरी. यजमानांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी हा सगळा रस्ता पाहून आले. पन्नास-पंचावन्न किलोमीटर भरतो. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथलं हे पाणी. 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. थंडीत परदेशातून पाखरं इथे येतात आणि आपण शेजारी राहून कितीदा गेलो? मी शाळेच्या सहलीबरोबर एकदा, तेही मुलांची डोकी मोजण्यात!

तर एक गोष्ट लक्षात ठेवा. नदी नेहमी खाली असते. जाताना सायकल आपोआप पळते, आणि दमल्यावर, ऊन चढल्यावर परतीचा चढ सुरू होतो. फार नाही, पण पायांना कळतो. म्हणून जवळची बाजू आधी घेतली आणि परतीला निफाड ठेवलं. तिथे एसटी आहे, पंक्चरवाला आहे, दवाखाना आहे. मागून एक छोटा हत्ती चालवायचा. जिला नको वाटेल तिने सायकल त्यात टाकावी, लाज बाळगू नये. ज्यांना घरातून दोनच तास मिळतात त्यांनी विंचूरपर्यंत जाऊन मागे फिरावं, तेही चौदा-पंधरा किलोमीटर होतात.

वार रविवारचाच. त्या दिवशी बाजार समितीत लिलाव नसतात, त्यामुळे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग नसते. उसाच्या दोन ट्रॉल्यांवाला ट्रॅक्टर मात्र रविवार मानत नाही. तो दिसला की सरळ उतरून कडेला थांबायचं. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे, तेव्हा उजाडल्याशिवाय निघायचं नाही. ओढणी कमरेला बांधायची, चाकात गेली तर खैर नाही. (आज्जीचं नऊवारी या कामाला पंजाबी ड्रेसपेक्षा बरं, असं माझं मत झालंय!)

सगळ्यात जास्त वेळ मात्र ज्या प्रश्नावर गेला तो घरात कोणी विचारलाच नाही. वाटेत बाथरूमला कुठे जायचं? भाच्याच्या यादीत पंप होता, हेल्मेट होतं, ग्लुकोज होतं, हे नव्हतं. मी वाटेवरची ठिकाणं बघत गेले. एका पेट्रोल पंपावर कुलूप, किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर चहाला गेलेले. पंपावर हवा, पाणी आणि स्वच्छतागृह फुकट मिळालं पाहिजे असा नियम आहे, हे मी तिथल्या मुलाला सांगितलं, तर तो हसला. शेवटी वाटेवरच्या तीन गावांतल्या बचत गटाच्या बायकांशी बोलले. त्यांनी आपापली घरं उघडी ठेवली. पण पाहुणचारावर किती दिवस चालवायचं? रस्त्यावर सायकलची पट्टी रंगवण्याआधी ग्रामपंचायतींनी रविवारी आपल्या शौचालयाचं कुलूप काढावं, एवढं मला या पानावरून मागायचं आहे.

तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. खडी फोडणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बायका. त्यांनाही लोक हसलेच होते. त्यांची सायकल पाण्याच्या हंड्यासाठी आणि बाजारासाठी होती, आमची तेवढ्या गरजेची नाही, हे मी मान्य करते. तरी आमच्या नऊ जणींत स्वतःच्या मालकीची सायकल एकीचीच निघाली. बाकी सगळ्या मुलांच्या, आणि दोन तर भाड्याने आणायच्या आहेत.

काल संध्याकाळी काकू पुन्हा दारात. हातात खण, नारळ. "जातेच आहेस तर गोदामाईची ओटी भरून ये माझ्या नावाने." म्हणजे काकूंनी काम दिलंच! घेतलं मी. नारळ कॅरियरला नीट बांधायला हवा, विंचूरच्या पुढे रस्ता खडबडीत आहे.