टायपिंग द्या, नजर देऊ नका



ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की द्राक्षपट्ट्यात एकच चर्चा: यंदा सल्लागार कोण, एकरी फी किती, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला कधी घेणार. कागदपत्रांचंही तसंच झालंय. ई-पीक पाहणी, पीकविमा, महाडीबीटी, फार्मर आयडी, सगळं गावातल्या ऑनलाइनवाल्या पोराकडे. मीही देतो. सर्व्हर डाऊन असताना रात्री बारापर्यंत मोबाईल धरून बसायला आपल्याला वेळ नाही, आणि त्या पोराचा हात आपल्यापेक्षा चांगला चालतो. तो पैसे घेतो ते कामाचे घेतो.

पण टायपिंग देता देता आपण बघायचं कामही देऊन बसलोय, ते मला पटत नाही.

ई-पीक पाहणीच घ्या. २०२१ पासून राज्यभर ही सोय आली ती कशासाठी? आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो आपणच काढावा, चावडीत बसून पीकपेरा लागू नये, यासाठी. आता पोरगं एका दिवसात निम्मी शिवार उरकतं. बांधावरून फोटो मारला, पुढचा गट. सोयाबीनमधली तूर त्याला कशाला दिसेल? नोंद नुसत्या सोयाबीनची लागते. मग हमीभावाच्या खरेदीला नाव नोंदवायला गेलं की सातबाऱ्यावर तूरच नाही. विम्यात पीक एक आणि पाहणीत दुसरं निघालं तर भरपाई अडकते ती वेगळीच. आणि फॉर्मवर मोबाईल नंबर कुणाचा टाकलाय तेही एकदा बघा. बऱ्याच ठिकाणी ओटीपीची कटकट नको म्हणून पोरं स्वतःचाच नंबर टाकतात. मग अर्ज त्रुटीत गेल्याचा मेसेज त्याच्याकडे, आणि आपण आपले वाट बघत बसलेलो.

द्राक्षात तर याहून महाग पडतं. पोंग्यापासून मणी सेटिंगपर्यंत डाऊनी एका रात्रीत हातातून जातो. पानावर तेलकट डाग दिसला की आपण वरून फोटो काढून पाठवतो. खरी ओळख पानाखाली, पांढऱ्या बुरशीत. ती फोटोत येतच नाही, पान उलटल्याशिवाय. किती तास पानं ओली होती, सखल कोपऱ्यात दव किती वेळ टिकलं, हे दुसऱ्या तालुक्यात बसलेल्या माणसाला आपणच सांगायचं असतं. चांगला सल्लागार हे विचारतो. जो विचारत नाही आणि सगळ्या ग्रुपला एकच शेड्यूल टाकतो, त्याच्यात आणि छापील पत्रकात फरक काय?

त्यात शेड्यूल येतं ब्रँडच्या नावानं. दुकानदार त्यात आपलं एक जोडतो. दोन्ही बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली तर कधीकधी आत घटक एकच निघतो. पैसे डबल, आणि एकाच गटातलं औषध सारखं मारून बुरशी त्याला सरावते ते निराळं. प्रमाणाचंही तेच. लिटरला इतके ग्रॅम म्हणून सांगतात, पण एकरी पाणी किती ते कॅनोपी बघून ठरतं. तेवढं कुणी विचारतं का?

आणि जबाबदारी कुणाची? २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे, म्हणजे सीसीसीचे, अंश सापडले आणि माल अडकला, तेव्हा झळ बागायतदारालाही बसली. ग्रेपनेटवर प्लॉटची नोंद आपल्या नावावर असते. रेसिड्यूचा नमुना आपल्याच प्लॉटमधून जातो.

म्हणून मी सल्लागाराकडून तीन गोष्टी लेखी मागतो: औषधाचं टेक्निकल नाव, द्राक्षावर लेबल क्लेम आहे का, आणि पीएचआय, म्हणजे काढणीआधी किती दिवस ते बंद ठेवायचं. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीशी ते ताडून बघतो. मगच पंप भरायचा. फवारणीची वही घरातच राहते. तारीख, टेक्निकल, पाणी, कुणी सांगितलं, सगळं त्यात. शंका राहिली तर किसान कॉल सेंटरचा १८०० १८० १५५१ हा नंबर फुकट आहे. तिथंही प्लॉट दिसत नाही, पण निदान तिथल्या माणसाला कुठली बाटली खपवायची नसते.

हे मागितलं की काही सल्लागार चिडतात, एक तर मला म्हणाला, विश्वास नसेल तर दुसरा बघा. बघितला.