खाला गेली, नोंद कुठे आहे?
माझी खाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. एखाद्या मुलीची शाळा सुटली की संध्याकाळी ती त्या घरी जाऊन बसायची. होकार मिळेपर्यंत चहाला हात लावायची नाही. गणिताची धास्ती घेतलेल्या मला तिनेच बीजगणित शिकवलं, म्हणून मी इंजिनिअर झालो. ती गेल्यावर कळलं, तिने किती मुली शाळेत परत आणल्या हे कुठेच लिहिलेलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

फातिमा शेख यांच्याबद्दलही फार थोडं हाती उरलं आहे. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख सापडतो.

दोस्तांनो, तुमच्या खाला-फुफीने कुणाकुणाला शिकवलं, हे त्या असतानाच विचारा. लिहून ठेवा.