ग्रंथनामाची खूण

दहिसरच्या पश्चिमेस भरणाऱ्या आमच्या वाचकमंडळाच्या स्मरणिकेची मुद्रिते तपासताना ‘स्वामी वाचून मन अस्वस्थ झाले’ या वाक्यापाशी माझी लेखणी थांबली. कारण रणजित देसाई यांची १९६२ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी ज्यास ठाऊक नाही, त्यास येथे एखाद्या पुस्तकाचा उल्लेख आहे याचा पत्ताही लागू नये. रोमन लिपीस मोठी अक्षरे आहेत आणि तिरप्या टंकाचा जुना रिवाज आहे. देवनागरीत ती मोठी अक्षरे नाहीत, आणि शिरोरेषेखाली उभ्या दंडाने तोललेले आपले अक्षर तिरपे केले की ते डोळ्यांस खुपते, मग संगणकावर ती सोय कितीही सुलभ असो. तेव्हा ग्रंथनामाचा सारा भार एकेरी अवतरणचिन्हाने वाहावा आणि दुहेरी चिन्ह संवादासाठी राखावे, ही छापखान्यांतील वहिवाट मला आजही योग्य वाटते.

खरा पेच विभक्तीचा आहे. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये काढलेल्या ‘काळ’ पत्रातील लेखांच्या संग्रहास ‘काळांतील निवडक निबंध’ असे नाव मिळाले. पत्राचा इतिहास न जाणणारा वाचक तेथे ‘काळ’ म्हणजे केवळ समय असे समजला, तर त्यास दोष कसा द्यावा? एकशब्दी नावाचे सामान्यरूप चिन्हात घेऊन प्रत्यय बाहेर ठेवणे, म्हणजे ‘शारदा’ नाटकाविषयी ‘शारदे’चा प्रयोग असे लिहिणे, हे मराठीच्या प्रकृतीस धरूनच आहे. परंतु नाव अनेक शब्दांचे असेल तेव्हा ‘बटाट्याच्या चाळी’त असे लिहिल्याने लेखकाने दिलेले नावच मोडते, आणि ग्रंथालयाच्या सूचीत नवख्या वाचकास ते पुस्तक सापडणे दुरापास्त होते; तेथे ‘बटाट्याची चाळ’मध्ये असेच लिहावे.

याहून मला क्लेश देते ती शुद्धलेखनाच्या नावाखाली होणारी दुरुस्ती. १९६२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अखेरचा इकार दीर्घ करण्याची सवय हातास इतकी जडली आहे की खांडेकरांच्या ‘ययाति’ची ‘ययाती’ होते आणि माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधील अनुस्वार जाऊन तेथे ‘माणसे’ येतात. वस्तुतः त्या अनुस्वारात बोलभाषेचा उच्चार आहे, आणि मुखपृष्ठावर लेखकाने जे छापले तेच त्या कृतीचे नाव आहे. नियम आपल्या वाक्यास लागू आहेत; दुसऱ्याने आपल्या कृतीस दिलेल्या नावावर त्यांची हुकमत चालू नये.

कविता आणि संग्रह एकाच वाक्यात आले की दोन्ही नावांस तेच चिन्ह लागते, आणि कोणते नाव कशाचे हे वाचकास कळत नाही. अशा ठिकाणी ‘विशाखा’ या संग्रहातील ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ ही कविता, असे दोन शब्द अधिक खर्चून लिहावे, एवढी तजवीज पुरते.