मुलांच्या हातीं बर्फावरील गाडी

स्नोमोबाईल ही बर्फावरून धांवणारी गाडी आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिली नसेल. तिला पुढें दोन घसरपट्ट्या व मागें फिरता रबरी पट्टा असून स्वार मोटारसायकलीप्रमाणें तिजवर बसतो. उत्तर अमेरिकेंतील थंड मुलुखांत लहान मुलेंहि ती चालवितात. हें योग्य कीं अयोग्य, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. कारण धोक्याचें साधन मुलाच्या हातीं केव्हां द्यावें, ही चिंता सर्वच मातापितरांची आहे.

या गाडीच्या इतिहासांत एका पित्याचें दुःख आहे. कॅनडांतील क्वेबेक प्रांतीं राहणारे जोझेफ-आर्माँ बोंबार्डिए यांचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यांत आजारी पडला. बर्फानें रस्ते बुजल्यामुळें त्यास रुग्णालयांत नेतां आलें नाहीं व तो दगावला. पुढें १९३७ सालीं त्यांनीं बर्फावर चालणारी मोठी गाडी व १९५९ सालीं लहान गाडी विक्रीस आणली. अशी ही गाडी बेसावधपणें चालविल्यास मुलांच्याच जिवावर उठावी, हें केवढें दुर्दैव!

अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचें मत असें कीं, सोळा वर्षांखालील मुलांनीं ही गाडी चालवूं नये. केवळ मौजेचा प्रश्न असेल तेथें हें मत शिरोधार्य मानावें. परंतु उत्तर कॅनडांतील इन्युइट वस्त्यांत शिकारीस व प्रवासास हीच गाडी लागते. तेथील मुलांस तिला शिवूं नका म्हणणें व्यर्थ होय. तेथें शिक्षण हाच उपाय.

हें शिक्षण कसलें असावें? गाडी चालू करणें व वेग वाढविणें मूल एका सकाळींहि शिकेल. खरें शिकावयाचें तें बर्फ ओळखणें. मिनेसोटा संस्थानच्या सरकारी सूचनेप्रमाणें नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी पायीं जाण्यास निदान ४ इंच व या गाडीस ५ ते ७ इंच पाहिजे. पांढरट बर्फ त्याच्या निम्म्यानेंच बळकट असतो. वर पडलेलें ताजें हिम घोंगडीप्रमाणें थंडी अडवितें व त्याखालीं बर्फ पातळ राहतो. पाण्याचा प्रवाह असेल तेथें तर अधिकच जपावें. म्हणून ठिकठिकाणीं भोंक पाडून जाडी मोजावी. रात्रीं दिव्याच्या उजेडाच्या टप्प्यांत गाडी थांबेल एवढाच वेग ठेवावा. बर्फ फुटून पाण्यांत पडल्यास ज्या बाजूनें आलों तिकडेच वळावें, अणकुचीदार खिळ्यांनीं बर्फास धरून वर यावें व उभें न राहतां लोळत दूर जावें.

परंतु सर्वांत मोठा धडा मागें फिरण्याचा. मिनेसोटांत १९७६ नंतर जन्मलेल्या स्वारांस सुरक्षा-प्रमाणपत्र घ्यावें लागतें. तें उत्तमच, तथापि सरोवराच्या कांठीं येऊन ‘आज जावयाचें नाहीं’ असें म्हणण्याचें धैर्य प्रमाणपत्रानें येत नाहीं. तें वडिलांकडे पाहून येतें. ‘काल गेलों, आजहि जाऊं’ असें म्हणून पिता न मोजतां बर्फावर गाडी घालीत असेल, तर मुलगा तेंच शिकेल. उलट, सोबत्यांच्या हंशाची पर्वा न करतां त्यानें एकदां जरी गाडी वळविली, तरी तो धडा मुलास जन्मभर पुरेल. मुलांनो, वडील असे मागें फिरतील त्या दिवशीं ते भ्याले असें समजूं नका. त्यांनीं तुम्हांस सुखरूप घरीं आणलें, असें समजा.