किल्ली फिरवण्यापूर्वी

वयाची चाळिशी उलटल्यावर वाहन चालविण्याच्या परवान्याचे नूतनीकरण करावयाचे असेल, तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. परिवहन खात्याच्या भाषेत त्याला ‘नमुना १-अ’ म्हणतात. गेली पंचवीस वर्षे मी या नमुन्यावर सही करीत आलो आहे. त्यांतील एका सहीविषयी आज लिहावयाचे आहे, कारण ती करताना माझी चूक झाली.

दोन वर्षांपूर्वी माझे एक जुने रुग्ण हा नमुना घेऊन आले. निवृत्त शिक्षक, वय ६८. मुलाने त्यांना नवी विजेवर चालणारी स्कूटर घेऊन दिली होती. मी दृष्टी तपासली, रक्तदाब मोजला, ऐकू नीट येते ना ते पाहिले आणि सही केली. वीस वर्षांची ओळख. अधिक काय पाहावयाचे, असे वाटले. तीन महिन्यांनी सर उजवा हात गळ्यात अडकवून माझ्यासमोर बसले. भाजी घेऊन परतल्यावर ते गाडीवरून उतरले होते, पण गाडी बंद करावयाची राहिली होती. ती स्टँडवर घेताना उजवी मूठ आवळली गेली आणि किंचित फिरली. गाडी झेपावली, सर तिच्याबरोबर फरफटले आणि मनगटाचे हाड मोडले. अंगणात नात खेळत होती. ती दोन हातांच्या अंतराने वाचली.

सरांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांची बोटे बधिर होतात, हे माझ्याच नोंदवहीत लिहिलेले होते. मूठ किती फिरली, हे त्यांच्या हाताला कळलेच नाही. मी त्यांचे डोळे तपासले होते, हात तपासले नव्हते.

गाडीचा स्वभाव

वाचकहो, विजेची दुचाकी वाईट असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तिला किक नाही, गिअर नाही, धूर नाही. गुडघेदुखी किंवा दमा असलेल्या माणसाला ती पेट्रोलच्या गाडीपेक्षा सोयीची वाटते, ते योग्यच आहे. मात्र तिचा स्वभाव वेगळा आहे. पेट्रोलची गाडी चालू असली की आवाजाने आणि थरथरीने ते सांगते. विजेची गाडी चालू असूनही गप्प उभी असते, आणि मूठ पिळताच मोटारीचा जोर क्षणात चाकापर्यंत पोहोचतो.

म्हणून पहिला नियम असा की, गाडी थांबताच ती बंद करावी, समोरची पाटी विझलेली डोळ्यांनी पाहावी आणि मगच पाय उतरवावा. गाडी हाताने ढकलताना ती बंदच असली पाहिजे. किल्ली नातवंडांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. बहुतेक गाड्यांना बाजूचा स्टँड असतो, तोच वापरावा. शंभर किलोंच्या आसपास वजनाची गाडी मधल्या स्टँडवर चढवणे हे ठिसूळ मणक्यांचे काम नव्हे. मागे जाण्याची सोय असेल तर ती उपयोगी आहे, पण तीही मुठीवरच चालते, हे विसरू नये.

या गाडीचा आवाज रस्त्याने चालणाऱ्याच्या कानी पडत नाही. चालणारा आपल्याच वयाचा असेल, त्याला ऐकू कमी येत असेल, तर तो अचानक वळेल असे गृहीत धरूनच गाडी हळू करावी.

आधी शरीराची तपासणी

मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मान्यताप्राप्त संस्थेने प्रमाणित केलेली असेल, तर अशा हलक्या विद्युत दुचाकीला आपल्याकडे नोंदणी आणि परवाना लागत नाही. पुण्यातील एआरएआय ही अशी प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. परवाना लागत नाही म्हणून अनेक कुटुंबे आजी-आजोबांसाठी हीच गाडी निवडतात. परंतु परवाना नाही, म्हणजे नमुना १-अ देखील नाही. कोणताही डॉक्टर मध्ये येत नाही. ती तपासणी मग घरीच करावी लागते.

भिंतीजवळ, कुणाला तरी शेजारी उभे करून, एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का ते पाहावे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसता येते का? मान दोन्ही खांद्यांकडे वळवून मागून येणारी गाडी दिसते का? डोळे मिटून बोटांच्या टोकांवर आणि तळपायाला कापसाचा स्पर्श कळतो का? ब्रेकची मूठ पूर्ण आवळता येते का? यांतील एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर गाडी काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे. संध्याकाळी समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसत असतील, तर मोतीबिंदूची तपासणी होईपर्यंत अंधारात गाडी चालवू नये.

औषधांची पिशवीही एकदा उघडून पाहावी. झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या आणि सर्दीच्या काही गोळ्या यांनी गुंगी येते आणि ती दुसऱ्या सकाळपर्यंत टिकू शकते. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली असेल किंवा मात्रा वाढली असेल, तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत नाही ना, याची काही दिवस खात्री करून घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर ठेवावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. गाडीवरून पडून डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली आणि बरे वाटत असले, तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आतला रक्तस्राव कित्येकदा तासांनी जाणवतो.

बदल कोणते करावेत, कोणते नाहीत

गाडी घेतल्यावर ती आपल्या अंगाला बेतून घ्यावी लागते. आसनावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. आरसे दोन्ही बाजूंना आणि रुंद असावेत. संधिवाताच्या बोटांना मुठीवरचे जाड, मऊ आवरण बरे पडते, पण ते घट्ट बसलेले असावे, फिरू नये. मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकावरील साडीरक्षक जाळी या गोष्टी नियमानेच आवश्यक आहेत. दिसायला बऱ्या वाटत नाहीत म्हणून त्या काढू नयेत. पदर आणि ओढणी चाकात जाऊन झालेल्या जखमा मी पाहिल्या आहेत.

तोल जातो म्हणून बाजूला दोन जादा चाके लावावीत का, असे अनेकजण विचारतात. उभे राहताना त्यांचा आधार मिळतो. परंतु अशी गाडी वळणावर आत कलू शकत नाही, त्यामुळे वेगात वळवल्यास ती बाहेर फेकली जाते. तिची रुंदीही वाढते. हा बदल करावयाचा असेल तर परिवहन कार्यालयाच्या परवानगीने करावा आणि मोकळ्या मैदानावर आठवडाभर सराव करावा.

याच्या उलट एक बदल घरातील तरुण हौसेने करतात. हलक्या गाडीची वेगमर्यादा उघडून देतात किंवा तिला मोठी बॅटरी जोडतात. त्या क्षणापासून ती हलकी गाडी राहत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती नोंदणी, विमा व परवाना नसलेली मोटारगाडी ठरते. ब्रेक आणि सांगाडा मात्र पूर्वीच्याच वेगासाठी बनवलेले असतात. आजोबांना ताशी २५ पुरेसे आहे. त्यांना अधिक हवे असे आपल्याला वाटत असेल, तर त्यांनाच विचारून पाहावे.

हेल्मेट वेग पाहून नव्हे, डोके पाहून घालावे. चार वर्षांपर्यंतच्या नातवंडाला मोटारदुचाकीवर नेताना त्याला हेल्मेट आणि चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा लागतो, आणि वेग ताशी ४० च्या वर नेता येत नाही.

बॅटरी आणि घर

ज्येष्ठांच्या घरी बॅटरीचा विचार आगीपासून सुरू करावा, कारण धूर झाला तर त्यांना जिना चटकन उतरता येत नाही. बॅटरी शयनगृहात किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर कधीही चार्ज करू नये. रात्री सगळे झोपलेले असताना करू नये. चार्जर कंपनीने दिलेलाच वापरावा, तो थेट भिंतीतील अर्थिंग असलेल्या प्लगला लावावा, लांब वायरीचा जोडबोर्ड टाळावा. उन्हातून आलेली गाडी अर्धा तास निवू द्यावी आणि मग चार्जिंगला लावावी. रोजच्या वापरात बॅटरी अगदी रिकामी होऊ देऊ नये आणि महिनाभर गावाला जाताना ती साधारण अर्धी भरलेली ठेवावी.

बॅटरी फुगली, गरम राहू लागली, वेगळा वास आला किंवा सूं-सूं आवाज आला, तर तिला हात लावू नये. सर्वांनी बाहेर पडावे, दार लोटून घ्यावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवावे. तो धूर फुफ्फुसांना घातक असतो. काढून घरात नेण्याची बॅटरी आठ-दहा किलोंची असू शकते. हाडे ठिसूळ असलेल्यांनी किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी ती वाकून उचलू नये, हे काम घरातील तरुणाकडे द्यावे. आठवड्यातून एकदा चाकांतील हवा आणि ब्रेक पाहण्याचेही काम त्याच्याकडेच असावे.

सरांच्या घरी काय ठरले

हात प्लास्टरमध्ये असतानाच त्यांचा मुलगा दवाखान्यात आला. “डॉक्टर, तुम्हीच बाबांना सांगा. मी गाडी विकतोय.” सर काही बोलले नाहीत. बोलल्या त्या बाई. “अहो डॉक्टर, गाडी गेली तर यांचं वाचनालय गेलं, आणि मग दिवसभर घरात आम्ही दोघंच.”

त्यांचे म्हणणे मला आरोग्याच्या दृष्टीनेही खरे वाटले. बाहेर जाणे बंद झालेल्या माणसाची भूक, झोप आणि उमेद कशी खालावते, ते मी अनेक घरांत पाहिले आहे. मी मुलाला तीन महिने थांबावयास सांगितले. प्लास्टर निघाले, व्यायामाने मूठ सुधारली, साखर आटोक्यात आली. मग मी सरांची तपासणी नव्याने केली, या वेळी हातांपासून. बधिरपणा पूर्ण गेला नव्हता आणि जाणारही नव्हता. तेव्हा आम्ही चौघांनी मिळून कागदावर लिहिले: गाडी सर्वांत कमी वेगाच्या मोडवरच चालवायची, फक्त उजेडात, फक्त वाचनालय आणि मंडईपर्यंत, अंगणात गाडी बंद करूनच शिरायचे, दर सहा महिन्यांनी माझ्याकडे तपासणी. आणि सरांनी स्वतः एक ओळ जोडली, ‘डॉक्टर नको म्हणतील त्या दिवशी किल्ली मीच आणून देईन.’

आपल्या घरी असा कागद नसेल, तर या रविवारी तो लिहावा. लिहिताना ज्यांची गाडी आहे त्यांना समोर बसवावे, पेन त्यांच्या हाती द्यावे. किल्ली लपवून ठेवणे सोपे असते, परंतु ज्याच्यापासून ती लपवली जाते तो माणूस पुढे चक्कर आली, पाय अडखळला, हेही आपल्यापासून लपवू लागतो. आणि डॉक्टरकडे प्रमाणपत्रासाठी जाल, तेव्हा त्याने केवळ डोळे आणि रक्तदाब पाहून कागद पुढे केला, तर आपले दोन्ही हात त्याच्यासमोर ठेवून म्हणावे, “हेही पाहा.” माझ्याकडे आलात, तरीही म्हणावे.