न्यायासनापूर्वीची तीन वर्षे

आपल्या मुलामुलींनी स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी व्हावे, ही आकांक्षा आता आपल्या घराघरांत रुजली आहे. तहसीलदार, पोलीस उपनिरीक्षक, गटविकास अधिकारी ही पदे पालकांना परिचित आहेत. न्यायाधीशपदाचा विचार मात्र त्या मानाने कमी घरांत होतो. वस्तुतः ज्या समाजाने शतकानुशतके न्याय मागितला, त्या समाजातील मुले न्याय देण्याच्या आसनावरही असली पाहिजेत.

या वाटेची पहिली पायरी म्हणजे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग हे पद. तालुक्याच्या न्यायालयात बांधाचा वाद, वाटपाचा दावा, पोटगीचा अर्ज किंवा किरकोळ मारहाणीची फिर्याद घेऊन येणाऱ्या सामान्य माणसाला न्यायव्यवस्थेचे पहिले दर्शन याच पदाच्या रूपाने घडते. महाराष्ट्रात त्यासाठी लोकसेवा आयोगामार्फत पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत अशा तीन टप्प्यांत निवड होत आली आहे. मुख्य परीक्षेत दिवाणी व फौजदारी कायद्यांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ आणि अत्याचार प्रतिबंध अधिनियम, १९८९ हेही तेथे अभ्यासाचे विषय आहेत. ज्या कायद्यांमागे आपल्या पूर्वजांच्या वेदना आहेत, ते कायदे आपल्या मुलांनी न्यायाधीशाच्या दृष्टीने अभ्यासावेत, याचे मोल मोठे आहे.

या तयारीचे स्वरूप अलीकडे एका निर्णयाने पालटले. २० मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी वकिलीचा किमान तीन वर्षांचा अनुभव आवश्यक ठरविला. ही अट नवी नव्हे. १९९३ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयानेच घातली होती आणि २००२ मध्ये शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर काढून टाकली होती. तेव्हा पदवी हाती येताच परीक्षेस बसण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतरच्या दोन दशकांच्या अनुभवावरून, न्यायालय न पाहिलेला नवपदवीधर थेट न्यायासनावर बसणे हितकारक नाही, या निष्कर्षाप्रत न्यायालय आले.

तत्त्व म्हणून ही अट मला योग्य वाटते. उलटतपासणीत साक्षीदार कधी घाबरतो आणि कधी खोटे बोलतो, तारीख पडली की खेड्यातून आलेल्या पक्षकाराचा किती रोज बुडतो, हे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ज्याने वादपत्राचा मसुदा केला आहे, जामिनासाठी युक्तिवाद केला आहे, त्याच्या हातून लिहिला जाणारा निकाल अधिक डोळस असेल. तथापि, हीच अट आपल्या मुलांना दाराबाहेर ठेवणारी ठरू शकते, हेही स्पष्टपणे बोलले पाहिजे.

बारावीनंतर पाच वर्षांची विधी पदवी घेणारा विद्यार्थी साधारण तेविसाव्या वर्षी वकील होतो. पुढील तीन वर्षे ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारीची. ज्याच्या घरात वकिलीची परंपरा आहे, त्याला कार्यालय, ग्रंथालय आणि पक्षकार वारशाने मिळतात. शेतमजुराच्या किंवा सफाई कामगाराच्या मुलीला या काळात जेमतेम प्रवासखर्च मिळतो, आणि घर तर तिच्या पहिल्या पगाराची वाट पाहत असते. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असे सुचविले. परंतु ती केवळ शिफारस आहे, बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालाने अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी नोंदणी शुल्क १२५ रुपयांवर आणले. सनद स्वस्त झाली, पण सनदेनंतरचे दिवस महागच राहिले.

येथे एका घटनेचे स्मरण होते. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे वकिलीची सनद घेण्यापुरतेही पैसे नव्हते. त्यांचे मित्र नवल भथेना साहाय्यास धावले. पुढे १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. विद्वत्तेच्या मागे वेळेवर उभा राहणारा एक हात लागतो, हे त्यांच्या जीवनातून आपण शिकावे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे निवेदन आहे. सत्कार आणि शिकवणी वर्गांचे शुल्क यांवर होणाऱ्या खर्चातील काही भाग या तीन वर्षांसाठी राखून ठेवावा. दरवर्षी दोन जरी कनिष्ठ वकिलांना तीन वर्षे नियमित विद्यावेतन दिले, तर काही वर्षांत त्याचे फळ दिसेल. जे माजी विद्यार्थी वकिली करतात, त्यांनी आपल्या कार्यालयात एक खुर्ची या मुलांसाठी ठेवावी. अनुभवाचे प्रमाणपत्र किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाने द्यावे व न्यायिक अधिकाऱ्याने त्यास दुजोरा द्यावा, अशी तरतूद या निकालात आहे. सनद पेटीत ठेवून शहरातील अभ्यासिकेत तीन वर्षे काढणाऱ्यास ते कसे मिळणार?

पालकांनी या तीन वर्षांना बेकारी समजू नये. विशेषतः मुलींच्या लग्नाची घाई या काळात करू नये. विद्यार्थ्यांनीही जुन्या टिपणांवर विसंबू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले आहेत. मूळ अधिनियम वाचावा, दिवसा न्यायालयात पाहिलेले प्रकरण रात्री कलमाशी ताडून पाहावे आणि रोज एक पान लिहावे. मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत भाषांतर करता येणे ही या सेवेची अट आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलांनी मराठीचे बळ राखावे आणि इंग्रजीची भीती सोडावी.

वसतिगृहाच्या दिव्याखाली अभ्यास करणारी एखादी मुलगी उद्या तालुक्याच्या न्यायासनावर बसेल, तेव्हा तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या निरक्षर पक्षकाराला आपले म्हणणे पूर्ण ऐकले गेल्याचा विश्वास वाटावा. परीक्षा तिची तिलाच द्यायची आहे. ती तीन वर्षे मात्र आपण सर्वांनी मिळून वाहायची आहेत.